‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’च्या पानांआडची खरी प्रेते : मेडोज टेलर, स्लीमन आणि फिरंगिया

रानवाट :

फिलिप मेडोज टेलर यांची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी १८३९ साली लंडनला तीन खंडांत निघाली आणि पाहता पाहता विलायतेतील वाचकांनी डोक्यावर घेतली. व्हिक्टोरिया राणीला तिची इतकी ओढ लागली होती की छपाईचे कच्चे कागद जसजसे तयार होत तसतसे तिच्याकडे पाठवले जात, असे टेलर यांच्या आत्मचरित्रात आहे. अमीर अली नावाचा ठग, म्हणजे वाटसरूंशी सलगी करून त्यांना गळा आवळून मारणाऱ्या व लुटणाऱ्या टोळीतला माणूस, कैदेत बसून एका गोऱ्या साहेबाला आपल्या आयुष्याची कहाणी सांगतो, एवढाच या कादंबरीचा सांगाडा आहे. परंतु त्या सांगाड्यावर जे मांस आहे ते बहुतांशी खऱ्या माणसांचे आहे, आणि त्याविषयीच मला येथे सविस्तर लिहायचे आहे.

टेलर यांचा जन्म १८०८ सालचा, लिव्हरपूलचा. पंधराव्या वर्षी ते मुंबईला एका व्यापाऱ्याच्या पेढीवर नोकरीसाठी आले. पेढी आतून पोखरलेली निघाली, तेव्हा ओळखीपाळखीने त्यांना १८२४ मध्येच निजामाच्या फौजेत जागा मिळाली. पुढे काही काळ निजामाच्या नैर्ऋत्येकडील मुलखात त्यांनी पोलिसी काम केले. वाटेवर गळा आवळून मारलेली माणसे सापडत आहेत, हे त्यांच्या कानावर आणि नजरेस याच काळात आले होते. पण छडा लागण्याआधीच त्यांना पलटणीत परत बोलावण्यात आले. आपल्याला तेथे राहू दिले असते तर ठगांचे गुपित जगापुढे आणण्याचे श्रेय आपले असते, ही खंत त्यांनी म्हातारपणी लिहून ठेवली आहे. ते श्रेय गेले जबलपूरचे इंग्रज अधिकारी विल्यम हेन्री स्लीमन यांच्याकडे. १८३०नंतर हैदराबादच्या मुलखातही माफीचे साक्षीदार आणले गेले, तेव्हा त्यांच्या जबान्या उतरवून घेण्याच्या कामात टेलर स्वतः होते. अमीर अली हा त्यांतलाच एक. आपल्या हातून ७१९ खून झाले, असे तो सांगत असे, आणि बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार भरले असते, असे त्याने टेलर यांना ऐकवल्याचे कादंबरीच्या प्रस्तावनेतच आहे. हा आकडा खरा होता की फुशारकीचा, याचा विचार पुढे करू.

स्लीमन यांनी १८३६ मध्ये ‘रामसीआना’ नावाचा ग्रंथ छापला. ठगांच्या गुप्त बोलीचा कोश, माफीच्या साक्षीदारांशी झालेले प्रश्नोत्तर आणि ठग घराण्यांच्या वंशावळी असे त्याचे स्वरूप आहे. कादंबरी वाचून झाल्यावर हा ग्रंथ हातात घेतला की एक विलक्षण अनुभव येतो. कादंबरीत जे लेखकाच्या कल्पनेचे चमत्कार वाटले होते, ते येथे सरकारी कागदाच्या कोरड्या भाषेत पुन्हा भेटतात. वाटसरूंना गोडीगुलाबीने टोळीत ओढणारा तो सोथा, रुमालाने गळा आवळणारा तो भुर्तोट, प्रेते पुरणारा तो लुगहा, आणि खून करण्याची जागा म्हणजे बेल. सगळे बसले, गप्पा रंगल्या, कोणी गाणे म्हणू लागला, की म्होरक्या ‘तमाखू लाओ’ असे काहीतरी साधे बोलायचा. ती झिरनी, म्हणजे इशारा. तो उच्चारताच प्रत्येक वाटसरूच्या मागे बसलेल्या माणसाचा रुमाल त्याच्या गळ्यात पडे. खड्डे बहुधा आधीच खणून ठेवलेले असत.

कादंबरीत शर्फन नावाच्या एका तरुण बेगमेचे प्रकरण आहे. प्रवासात तिचे अमीर अलीवर मन बसते, ती त्याच्या मागे लागते, आणि अखेर टोळीच्या सुरक्षिततेसाठी तिचा जीव घेतला जातो. हे प्रकरण वाचताना कोणालाही वाटेल की वाचकाला गुंतवण्यासाठी घातलेला हा शृंगार आहे. ‘रामसीआना’मध्ये मात्र फिरंगिया या ठगाच्या तोंडी एका देखण्या मोगलाणीची हकिकत आहे. ती वाटेत भेटली, फिरंगियावर भाळली, टोळीला सोडीना, आणि तिला मारून टाकले गेले. फिरंगिया ते सांगताना हळहळलेला दिसतो. टेलर यांनी त्या हकिकतीला दागिने घातले एवढेच. मृत्यू आधीच घडलेला होता. त्या बाईचे नाव कुठेही नाही. तिच्या नावाशिवाय आणि तिच्या बाजूने एक शब्दही न उमटता ती दोनदा मारली गेली, एकदा रस्त्यावर आणि एकदा तीन खंडांच्या कादंबरीत, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

सालोद्याचा प्रसंग तर कोणत्याही कादंबरीकाराला सुचला नसता. फिरंगिया १८३०च्या अखेरीस हाती लागला आणि जीव वाचवण्यासाठी माफीचा साक्षीदार झाला. सागरच्या वाटेवर सालोदा येथे स्लीमन यांचा मुक्काम एका आमराईत पडला होता आणि पत्नीही बरोबर होती. फिरंगियाने सांगितले की याच राईत आमची माणसे पुरलेली आहेत. सकाळी त्याने दाखवलेल्या जागा खणल्या. १८१८ मध्ये मारलेला एक पंडित आणि त्याचे सहा सोबती तंबूच्या दोरखंडांखाली निघाले; १८२४ मध्ये मारलेला एक हवालदार आणि चार शिपाई घोडे बांधले होते तेथे निघाले; आणि त्यानंतर थोड्याच काळात मारलेले चार ब्राह्मण कावडकरी, जे गंगेचे पाणी वाहून नेत होते, व एक स्त्री, हे सारे साहेबांच्या झोपण्याच्या तंबूच्या आत निघाले. वर हिरवळ इतकी नीट उगवली होती की जमीन कधी उकरली गेली असेल, याची पुसटशीही खूण नव्हती. स्लीमन यांच्या पत्नीला आदल्या रात्री वाईट स्वप्ने पडत होती, हेही त्यांनी नोंदवले आहे. त्याहून बोचणारी नोंद नरसिंहपूरची आहे. १८२२ ते १८२४ या काळात ते तेथे मॅजिस्ट्रेट होते, जिल्ह्यातील प्रत्येक चोरी आपल्याला कळते अशी त्यांची समजूत होती, आणि त्यांच्या कचेरीपासून चारशे यार्डांवरच्या कंदेली गावात ठगांची एक टोळी राहत होती.

ही माणसे कोण होती? आकाशातून पडलेला कोणताही पंथ हा नव्हता. पावसाळ्यात शेती करणारे, दसऱ्यानंतर बाहेर पडणारे, गावच्या जमीनदाराला लुटीतला वाटा देऊन संरक्षण मिळवणारे हे लोक होते; त्यांच्यात हिंदू होते, मुसलमान होते, फिरंगियासारखे ब्राह्मणही होते. १८१८ च्या सुमारास पेशवाई बुडाली, पेंढाऱ्यांचा निकाल लागला, शिंदे-होळकरांच्या फौजा आटल्या, आणि तलवारीवर पोट भरणारी हजारो माणसे रिकामी झाली. त्याच सुमारास माळव्याची अफू आणि मुंबईच्या सराफांची रोकड या रस्त्यांवरून वाहू लागली. खजिना वाहणारे हरकारे ओळखू येऊ नयेत म्हणून फाटक्या वेशात जात, आणि नेमके तेच ठगांच्या डोळ्यांत भरत. अमरावतीचे सावकार धनराज शेठ यांचा खजिना असाच लुटला गेला आणि तो वाहणारी माणसे मारली गेली. तेव्हा शेठजींच्या गुमास्त्याने पैसा परत मिळवण्यासाठी थेट ठगांशीच व्यवहार मांडला, पकडलेल्यांना सोडवण्याचीही खटपट केली. मेलेल्या माणसांचा हिशेब त्या व्यवहारात कोणी केला नाही.

येथपर्यंतचा अंधार टेलर यांनी कादंबरीत आणला. दुसरा अंधार मात्र कादंबरीच्या बाहेर राहिला, किंबहुना कादंबरीमुळेच तो दिसेनासा झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. फिरंगिया शरण कसा आला, हे पाहा. त्याची आई, बायको आणि मूल स्लीमन यांनी ताब्यात घेतले होते, आणि इतकी जवळची माणसे सोडून हा फार दूर जाणार नाही, असा हिशेब त्यांनी स्वतःच लिहून ठेवला आहे. माफीचा साक्षीदार झालेल्या माणसाला अट एकच होती : सगळे सांग, काहीही दडवलेस तर दोर आहेच. अशा माणसाने कचेरीत उभे राहून बोट दाखवावे आणि ज्याच्याकडे बोट दाखवले तो ठग ठरावा. १८३६ च्या तिसाव्या कायद्याने तर अमुक खून अमुक माणसाने केला हे सिद्ध करण्याचीही गरज उरली नाही. कायदा होण्यापूर्वी किंवा नंतर, कंपनीच्या हद्दीत किंवा हद्दीबाहेर, कधीही ठगांच्या टोळीत होता एवढे ठरले की जन्मठेप. १८४०पर्यंत साडेतीन हजारांवर माणसे या चक्रातून गेली आणि चारशेहून अधिक फासावर चढली. कित्येकांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदला गेला. अमीर अलीची कहाणी इतक्या रसाळपणे सांगितलेली आहे की जबानी देणाऱ्याच्या मानेवर काय टांगलेले होते, हे वाचक विसरतो.

गोदातीर :

आपण दुसऱ्या अंधाराविषयी लिहिले ते मला पूर्ण मान्य आहे. पण मग पहिल्या अंधारावर आपण इतका विश्वास का ठेवता, हे समजले नाही. ज्याला बोलल्यानेच जीवदान मिळणार आहे तो माणूस साहेबाला जे ऐकायचे आहे तेच सांगणार. भवानीची आज्ञा, कुदळीची पूजा, शकुन-अपशकुन, गुळाचा प्रसाद खाल्ला की माणूस कायमचा ठग होतो, हे सारे ऐकून घेण्याची साहेबाला हौस होती आणि सांगणाऱ्याला गरज होती. फिरंगियाने तर वेरूळच्या लेण्यांत ठगीचे सगळे प्रकार कोरलेले आहेत, एके ठिकाणी गळा आवळताना, एके ठिकाणी प्रेत पुरताना, असे साहेबाला ठासून सांगितले आहे. वेरूळ ज्याने पाहिले आहे त्याला ठाऊक आहे की तेथे अंधकासुराचा वध आहे, हिरण्यकशिपूचा वध आहे, कैलास हलवणारा रावण आहे. ठगांचा रुमाल कोठेही नाही. ज्या साक्षीदाराने दगडांविषयी असे सांगितले त्याने माणसांविषयी काय काय सांगितले असेल? ठगी हीच मुळी कंपनी सरकारने राज्यविस्तारासाठी उभी केलेली कल्पना होती, असे मानणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे मला पटते. संस्थानिकांच्या हद्दीत शिरून माणसे उचलण्याचा अधिकार कंपनीला या एका निमित्ताने मिळाला, हे विसरून चालणार नाही.

रानवाट :

गोदातीर, आपला वेरूळचा दाखला मार्मिक आहे आणि धर्मविधींविषयीच्या जबान्यांवर मीही फारसा भार टाकणार नाही. परंतु संपूर्ण ठगीच कल्पित होती, असे म्हणायला पुरावा आड येतो. झियाउद्दीन बरनीच्या तवारीखेत जलालुद्दीन खिलजीच्या काळी पकडलेल्या हजारभर ठगांना होड्यांत बसवून बंगालमधल्या लखनौतीकडे सोडून दिल्याची नोंद आहे. सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी थेव्हनो दिल्ली-आग्रा रस्त्यावरच्या, फास टाकून गळा आवळणाऱ्या लुटारूंविषयी लिहितो. स्लीमन यांचे नाव कोणालाही ठाऊक नव्हते तेव्हा, म्हणजे १८१० साली, सेंट लेजर या सेनापतीने रजेवर घरी जाणाऱ्या शिपायांना ताकीद दिली होती की वाटेत अनोळखी माणसांच्या संगतीला लागू नका, पगाराची रक्कम रोख बाळगू नका. मद्रासकडे शेरवूड या डॉक्टरने फांसीगरांवर, म्हणजे तिकडच्या ठगांवर, सविस्तर लेख लिहिला तो १८१६ चा. या साऱ्यांना एकाच कटात बसवता येणार नाही.

आणि मुख्य म्हणजे आमराईतली हाडे. जबानी खोटी असू शकते, पण साक्षीदाराने बोट ठेवलेल्या जागी कुदळ मारल्यावर तो सांगतो तितकी प्रेते निघावीत, हे नुसत्या खुशामतीने घडत नाही. सालोद्याखेरीज इतरही अनेक ठिकाणी असे खोदकाम झाले. किम वॅगनर या इतिहासकाराने हाच मधला मार्ग घेतला आहे आणि मला तो सर्वांत प्रामाणिक वाटतो : रस्त्यावर संगनमताने, फसवून, गळा आवळून मारणाऱ्या टोळ्या खरोखर होत्या; त्या पोटासाठी, लुटीसाठी आणि स्थानिक जमीनदारांच्या आश्रयाने चालत; त्या साऱ्यांना मिळून एक देशव्यापी, वंशपरंपरागत, धर्मवेडा संप्रदाय बनवण्याचे काम कंपनीच्या कचेरीत झाले. मारले गेलेले वाटसरू बहुतेक आपल्यासारखेच होते. पगार घेऊन गावी निघालेला शिपाई, यात्रेकरू, व्यापाऱ्याचा हरकारा. कंपनीचे राज्य नावडते म्हणून त्यांचे मरण नाकारले, तर त्यांच्यावर तो आणखी एक अन्याय होईल.

७१९ या आकड्याविषयी येथे सांगतो. टोळी शंभर माणसांची असेल आणि त्या टोळीने दहा माणसे मारली असतील, तर शंभरांपैकी प्रत्येक जण आपल्या नावावर दहा खून मोजत असे. अशी मोजणी ध्यानात घेतली की हजारोंचे आणि लाखोंचे जे आकडे पुढे लोकप्रिय पुस्तकांतून फिरले, त्यांचा फुगवटा कोठून आला ते कळते.

नळदुर्गकर :

टेलर साहेबांविषयी आमच्या भागातून थोडे लिहिणे मला आवश्यक वाटते. १८५३ च्या तहाने निजामाकडून जो मुलूख कंपनीकडे आला त्यात आमचा धाराशिव-नळदुर्गचा भाग होता, आणि त्या वर्षापासून १८५७ पर्यंत टेलर साहेब नळदुर्गला अधिकारी होते. बोरी नदीच्या पाण्याने वेढलेल्या त्या किल्ल्यात त्यांचा मुक्काम होता. त्यांनी जमिनीची मोजणी केली, रस्ते आखले, तलावांकडे लक्ष दिले. त्याआधी शोरापूरच्या संस्थानात त्यांनी जवळपास बारा वर्षे कारभार पाहिला. ते कंपनीच्या पगारी मुलकी सेवेतले नव्हते, निजामाच्या नोकरीतून वर आलेले होते. म्हणून त्यांना या मुलखाची भाषा, चालीरीती आणि माणसे बंगाल्यातल्या साहेबांपेक्षा अधिक ठाऊक होती. पुढे १८६३ मध्ये त्यांनी ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तिचे स्थळ आमचे तुळजापूर आहे आणि काळ शिवाजी महाराजांच्या अफझलखान प्रकरणाचा. आई भवानीच्या देवळाचे, पायऱ्यांचे, यात्रेकरूंचे वर्णन त्यांनी ज्या मायेने केले आहे ते वाचून कोणाही तुळजापूरकराला भरून येईल.

म्हणूनच मला एक गोष्ट समजून घ्यावीशी वाटते. ज्या माणसाने १८३९ मध्ये भवानीच्या नावाने गळे आवळणारे ठग रंगवले, त्याच माणसाने चोवीस वर्षांनी भवानीच्या गाभाऱ्यातली भक्ती इतक्या आदराने रंगवली. मधल्या काळात ते या मातीत राहिले, हेच त्याचे कारण असावे. त्यांना केवळ कंपनीचा प्रचारक म्हणून निकालात काढू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

रानवाट :

नळदुर्गकर, त्यांना निकालात काढण्याचा माझा हेतू नाही. उलट, चांगल्या मनाच्या, लोकांत मिसळणाऱ्या लेखकाच्या हातूनही काय घडते, हाच येथे विचार करण्याजोगा भाग आहे. टेलर यांच्या नावावर ‘तारा’ आहे तसेच १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’ या सरकारी छायाचित्रसंग्रहातला बराच मजकूरही आहे. त्या संग्रहात एकेका जातीचे छायाचित्र आणि खाली तिच्या स्वभावाचा दाखला, अशी मांडणी आहे. ही जमात कष्टाळू, ही कपटी, ही जन्मतः चोर. अमीर अलीला टेलर यांनी निदान बोलू दिले होते, त्याला बालपण दिले, पश्चात्तापाचे चार क्षण दिले. या संग्रहातल्या माणसांना तेवढेही मिळालेले नाही.

मालती जोग, जबलपूर :

आमचे घराणे चार पिढ्यांपासून जबलपूरला आहे, त्यामुळे हा विषय घरात लहानपणापासून कानावर पडत आला. कादंबरीत अमीर अली कैदेत आहे, एवढ्यावर वाचक थांबतो. त्या कैदेत पुढे काय झाले हे सांगण्यासारखे आहे. माफीच्या साक्षीदारांना सोडले कधीच नाही. त्यांना आणि त्यांच्या बायकामुलांना जबलपूरला एका वेगळ्या वस्तीत ठेवले, आणि १८३०च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी उद्योगशाळा काढली. तेथे तंबू, सतरंज्या आणि गालिचे तयार होत. प्रवासी साहेब-मडमा मुद्दाम ती शाळा पाहायला येत. म्हातारे ठग त्यांच्यापुढे रुमाल कसा टाकायचा याचे प्रात्यक्षिक करून दाखवत. ठगांचा बंदोबस्त करून सरकारने केवढे उपकार केले, हे पाहुण्यांना पटवण्याची ती जागा होती.

मला नेहमी प्रश्न पडतो तो तेथल्या मुलांचा. बापाने खून केले असतील, पण ज्यांनी उभ्या जन्मात एकही रस्ता पाहिला नाही ती पोरे कुंपणाच्या आत जन्मली, तेथेच सतरंजीच्या मागावर बसली. ठगी रक्तातून उतरते, अशी समजूत असल्यावाचून असे कोणी करणार नाही.

फ्री कॉलनी, सोलापूर :

मालतीताई, आपला प्रश्न वाचला आणि लिहिल्यावाचून राहवले नाही. त्या पोरांचे पुढे काय झाले, याचे उत्तर आमच्या वस्तीत आहे.

ठगी रक्तातून उतरते, हा विचार जबलपूरला थांबला नाही. ठगांसाठी उभारलेले खाते आधी दरोडेखोरांकडे वळले, आणि १८७१ मध्ये सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसा या देशात गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होतो, असा युक्तिवाद तो कायदा आणताना झाला आणि त्यात ठगांचा दाखला हाताशी होताच. पहिल्यांदा तो उत्तर हिंदुस्थानला लागू झाला; १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सोलापूर, हुबळी, गदग, विजापूर येथे सेटलमेंटी उभ्या राहिल्या. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी, टकारी, भामटा अशा कितीतरी जमातींच्या माणसांना, गुन्हा केला असो वा नसो, तारेच्या कुंपणाच्या आत आणून घातले. बाहेर जायचे तर पास, परतायची वेळ ठरलेली, आणि हजेरी. सोलापूरची सेटलमेंट काही काळ मिशनऱ्यांच्या हाती होती. मिलांना स्वस्तात मजूर हवे होते, ते येथून मिळाले.

आमची आजी सांगायची की घंटा झाली की चुलीवरचे भांडे तसेच ठेवून रांगेत उभे राहायचे. भाकर करपली तर करपली. नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हटले नाही तर शिक्षा ठरलेली. ओल्या बाळंतिणीलाही रांगेत आणत. ज्यांची वागणूक चांगली ठरवली जाई ती कुटुंबे पुढे कुंपणाबाहेरच्या फ्री कॉलनीत हलवत, म्हणून आमच्या वस्तीचे हे नाव.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभर रद्द झाला. आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण लगोलग सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, आणि गावात चोरी झाली की पहिली गाडी आजही आमच्याच गल्लीत शिरते. माझ्या भावाला एका कारखान्यात लागलेली नोकरी पत्ता वाचून नाकारली गेली. तेव्हा ‘अमीर अली’ हा कोणासाठी कादंबरीचा नायक असेल. आमच्यासाठी तो आमच्या अंगावर चिकटवलेल्या समजुतीचा पहिला चेहरा आहे.

लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतल्या माणसाने स्वतःचे आयुष्य स्वतः लिहिले तर ते कसे असते, हे तेथे दिसते. पोलीस घरात शिरतात तेव्हा घरातल्या पोरांना काय वाटते, हे तेथे पोरानेच सांगितले आहे. ते सांगताना समोर कोणी साहेब बसलेला नाही आणि मानेवर दोर नाही, हा फरक मला सगळ्यांत मोठा वाटतो.

गोदातीर :

आपले लिहिणे वाचून मी स्तब्ध झालो. घंटेची आणि करपलेल्या भाकरीची गोष्ट कोणत्याही सरकारी अहवालात सापडणार नाही. आपण ती सविस्तर लिहून ठेवावी, अशी मनापासून विनंती आहे.

रानवाट यांना एकच विचारतो. इतके सगळे समोर आल्यावर ‘कन्फेशन्स’ वाचावी असे आपण आजही म्हणाल का, आणि म्हणणार असाल तर ती कशी वाचावी?

रानवाट :

वाचावी, असेच मी म्हणेन, कारण टेलर यांच्या गद्याची ताकद खरी आहे. दख्खनचे रस्ते, हैदराबादची कारवान पेठ, मुहर्रमची मिरवणूक, पेंढाऱ्यांच्या चीतूची धावपळ हे सारे त्या काळातल्या फारच थोड्या लेखकांनी इतक्या जवळून पाहिले होते. कादंबरीतला एक दुवा मात्र लेखकाने स्वतः घडवलेला आहे, आणि माझ्या मते तोच तिचा गाभा आहे. अमीर अली हा मुळात ठगाचा मुलगा नाही. त्याच्या आईबापांना ठगांनी मारले आणि इस्माईल या म्होरक्याने त्याला पोर म्हणून वाढवले. पुढे नकळत त्याच्याच हातून त्याची सख्खी बहीण मारली जाते. मारलेल्यांची लहान मुले ठेवून घेण्याची रीत खऱ्या ठगांतही होती, म्हणून हे अगदी हवेतले नाही. पण यातून निघणारा अर्थ पाहा. जो मुलगा एका सभ्य घरात जन्मला तो केवळ वाढीमुळे ठग झाला, असे टेलर यांची कथा सांगते. ठगी रक्तात असते, असे कायदा सांगतो. कादंबरीकाराला जे दिसले ते सरकारला दिसले नाही, आणि ‘द पीपल ऑफ इंडिया’चा मजकूर लिहायला बसल्यावर त्याच कादंबरीकारालाही त्याचा विसर पडला. फ्री कॉलनी यांनी लिहिले ते या विसराचे फळ आहे.

कशी वाचावी, याचे उत्तर देताना मी एक क्रम सुचवतो. आधी कादंबरीचा पहिला खंड वाचावा, म्हणजे सोथा, झिरनी, बेल हे सारे परिचयाचे होते. मग ‘रामसीआना’मधली प्रश्नोत्तरे घ्यावीत आणि प्रत्येक उत्तराच्या वेळी उत्तर देणारा कोण आहे, त्याची शिक्षा कशावर टांगलेली आहे, हे तपासत जावे. शेवटी त्याच ग्रंथातल्या वंशावळी उघडाव्यात. स्लीमन यांनी पूर्ण पानभर पसरलेले तक्ते तयार केले आहेत. आजोबा, बाप, चुलते, मुलगे, आणि प्रत्येक नावापाशी बारीक अक्षरांत नोंद : जबलपूरला फाशी, काळ्या पाण्यावर रवानगी, माफीचा साक्षीदार, अजून फरार. १८७१ चा कायदा कोणत्या कागदावरून उगवला असावा, याचा अंदाज त्या तक्त्यांवरून जितका चांगला येतो तितका दुसऱ्या कशावरूनही येत नाही. फ्री कॉलनी यांच्या आजीच्या आठवणी तयार झाल्या की त्याही याच क्रमात, त्या तक्त्यांच्या लगोलग वाचाव्यात, असे मी म्हणेन.